न झालेल्या चुकीचं प्रकरण : ‘सिव्हिलायझेशन’मधले गांधी

सी ह्या संगणकभाषेच्या तासाला पूर्णांक किती बिटांत, म्हणजे ० किंवा १ मावणाऱ्या किती घरांत, साठवतात हे शिकवायला घेतलं की मागच्या दोन बाकांवरची मुलं पेंगायला लागतात. जेवणानंतरचा तास असला तर विचारूच नका. माझ्याकडे त्यावर एक हमखास उपाय होता. मी फळ्यावर ‘गांधी = १’ एवढंच लिहायचो आणि खडू खाली ठेवायचो. वर्ग जागा व्हायचा. आमचं महाविद्यालय वर्धा जिल्ह्यात आहे, सेवाग्राम हाकेच्या अंतरावर. गांधींचं नाव फळ्यावर आलं की इथे कुणीतरी मान वर करतंच.

मग मी गोष्ट सांगायचो. १९९१ साली मायक्रोप्रोज कंपनीने ‘सिव्हिलायझेशन’ हा खेळ बाजारात आणला. सिड मायर आणि ब्रूस शेली यांनी तो रचला होता. इसवी सनापूर्वी ४००० पासून एक संस्कृती हातात घ्यायची, शहरं वसवायची, विद्या शिकायच्या, शेजाऱ्यांशी लढायचं किंवा जमवून घ्यायचं. बाकीच्या संस्कृती संगणक चालवतो आणि प्रत्येकीला एक नेता असतो. भारताचे नेते महात्मा गांधी. प्रत्येक नेत्याच्या आक्रमकतेला एक आकडा होता आणि गांधींना सगळ्यांत कमी, म्हणजे १ दिलेला होता. भारताने लोकशाही स्वीकारली की हा आकडा २ ने कमी व्हायचा. एकातून दोन गेले, उणे एक. पण हा आकडा ८ बिटांत, चिन्हाशिवाय साठवलेला. तिथे उणे काही नसतंच, ० ते २५५ एवढंच मावतं. शून्याच्या खाली गेलेला आकडा वळसा घालून थेट वरच्या टोकाला जातो. मी फळ्यावर आठ एक्के लिहायचो, ११११११११, आणि त्यापुढे २५५. जगातला सर्वांत शांत माणूस एका वजाबाकीत सर्वांत भयंकर झाला आणि अण्वस्त्रं टाकत सुटला.

वर्ग हसायचा आणि ‘अंडरफ्लो’, म्हणजे आकड्याचं असं खालून घसरून वर जाणं, कायमचं डोक्यात बसायचं. परीक्षेत ते उदाहरण उत्तरपत्रिकेत परत यायचं तेव्हा मला बरं वाटायचं.

एके वर्षी तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, “सर, पण लोकशाही आली की आकडा कमी होतो, हे त्या खेळाच्या कोडमध्ये तुम्ही पाहिलंय का?” मी पाहिलं नव्हतं. “पुढच्या तासाला सांगतो,” म्हणालो आणि शोधायला बसलो. पुढचे दोन आठवडे त्यातच गेले. हे टिपण त्या शोधाचं आहे.

गोष्ट खोटी निघाली. ‘सिव्हिलायझेशन’चा दुसरा भाग १९९६ साली आला, त्याचे मुख्य रचनाकार ब्रायन रेनॉल्ड्स. त्यांच्या सांगण्याप्रमाणे आक्रमकतेला मुळात तीनच पायऱ्या होत्या. गांधी सर्वांत खालच्या पायरीवर होते, पण सुमारे एक तृतीयांश नेते त्याच पायरीवर होते. त्यांच्या आठवणीप्रमाणे कोडच्या त्या भागात चिन्हाशिवायचा आकडा नव्हताच, आणि सर्वांत आक्रमक नेता जेवढं करतो त्याच्यापुढे कुणीही जाऊ शकत नव्हतं. म्हणजे समजा २५५ आलेच असते, तरी गांधी फार तर सगळ्यांत भांडखोर नेत्यासारखे वागले असते, एवढंच. सिड मायर यांनी २०२० साली आलेल्या आत्मचरित्रात हाच निर्वाळा दिला. सी भाषेत पूर्णांक आपोआप चिन्हासहित असतो; चिन्ह नको असेल तर तसं मुद्दाम सांगावं लागतं. आणि राज्यपद्धती बदलल्याने संगणकाच्या नेत्याचा स्वभाव बदलायचाच नाही. ‘इंट’, म्हणजे सी भाषेतला साधा पूर्णांक, चिन्हासहित असतो ही गोष्ट मी दर वर्षी, त्याच तासाला, त्याच फळ्यावर शिकवत होतो. ती माझ्या लाडक्या उदाहरणाला लावून पाहावी असं मला एकदाही वाटलं नाही, ह्याची मला आजही खंत वाटते.

मग खेळणाऱ्यांनी जे पाहिलं ते काय होतं? कारण गांधी अण्वस्त्रांची धमकी देतात, हे तर लोकांनी पडद्यावर खरंच पाहिलं होतं. त्याचं उत्तर अगदी साधं आहे. लढाया कमी करणारी संस्कृती विद्येत पुढे जाते. संगणकाच्या हातातला भारत असाच चालायचा, त्यामुळे अण्वस्त्रांची विद्या त्याच्याकडे इतरांच्या आधी यायची. आणि अण्वस्त्रं हाती असलेला कुठलाही नेता वाटाघाटीत एक ठरावीक वाक्य बोलायचा : आमच्या शब्दांमागे अण्वस्त्रं आहेत. लिंकन, सीझर, एलिझाबेथ सगळे अक्षरशः हेच वाक्य बोलायचे. वाक्य साच्यातलं होतं, सर्वांना एकच. फक्त गांधींच्या तोंडी आलं की माणूस दचकायचा, आणि दचकलेलं लक्षात राहतं. सीझरने तीच धमकी दहा वेळा दिली असेल, ती कोण आठवणीत ठेवणार?

मला सर्वांत धक्का बसला तो घटनांचा क्रम लावताना. माझी समजूत अशी होती की आधी १९९१ ची चूक, मग तिच्यावरून विनोद, आणि पुढे खेळ बनवणाऱ्यांनी त्या विनोदाला दिलेली दाद. प्रत्यक्षात क्रम उलटा आहे. ‘सिव्हिलायझेशन’चा पाचवा भाग २०१० साली आला, मुख्य रचनाकार जॉन शेफर. त्यात प्रत्येक नेत्याच्या प्रत्येक कलाला १ ते १० च्या पट्टीवर गुण दिलेले होते. गांधींना अण्वस्त्रांच्या बाबतीत १२ गुण दिले गेले. दहापैकी बारा! हे मुद्दाम, गंमत म्हणून केलेलं होतं. आकड्याची आठ बिटांची गोष्ट मात्र २०१२ च्या आधी कुठेही लिहिलेली सापडत नाही. त्या वर्षी एका खुल्या विकीवर, म्हणजे कुणालाही लिहिता येणाऱ्या संकेतस्थळावर, कुणीतरी ती लिहिली, पुराव्याशिवाय, आणि तिथून ती खेळांच्या बातम्यांत, चित्रफितींत आणि शेवटी माझ्यासारख्यांच्या वर्गांत शिरली. म्हणजे आधी दचकणं, मग गंमत, मग गंमतीचा १२ हा आकडा, आणि सर्वांत शेवटी त्या आकड्याला शोभेल असा वीस वर्षं जुना इतिहास. इतिहासाच्या प्राध्यापकांना हे नवीन वाटणार नाही. किल्ल्याचं नाव आधी असतं आणि ते कसं पडलं ह्याची आख्यायिका नंतर येते, तसंच हे.

त्या बाराची करामत पाहण्यासारखी आहे, आणि ही वजाबाकी खरी आहे. पाचव्या भागात डाव सुरू होताना प्रत्येक गुणात थोडा फरक केला जातो, दोनपर्यंत खाली किंवा वर, म्हणजे तोच नेता दर डावात जरा वेगळा वागावा. गांधींच्या बारातून दोन गेले तरी दहा उरतात. म्हणजे नशिबाचा फासा कसाही पडो, अण्वस्त्रांच्या बाबतीत गांधी पट्टीच्या वरच्या टोकाच्या खाली येऊच शकत नाहीत. २०१६ च्या सहाव्या भागात हाच धागा पुढे नेला आहे. तिथे प्रत्येक नेत्याचा एक उघड आणि एक छुपा कल असतो. गांधींचा उघड कल शांततेचा आणि छुपा कल बहुतेक वेळा अण्वस्त्रांच्या हौसेचा.

हे सगळं वर्गात सांगितल्यावर मुलांना वाटलं प्रकरण संपलं : चूक झालीच नव्हती, थट्टा होती, थट्टा मनावर कशाला घ्यायची? मला मात्र तिथून पुढेच खरा प्रश्न दिसायला लागला. अण्वस्त्रांवरून इतका गदारोळ झाला की खेळातले गांधी आणि खेळातला भारत ह्यांच्यात जे खरोखर चुकलेलं आहे, त्याकडे कुणाचं लक्षच गेलं नाही.

१९९१ च्या खेळात १४ संस्कृती होत्या. नेते पाहा : सीझर, हम्मुराबी, फ्रेडरिक, रामसेस, लिंकन, अलेक्झांडर, गांधी, स्टालिन, शाका, नेपोलियन, माँटेझुमा, माओ, एलिझाबेथ, चंगीझ खान. राजे, सम्राट, अध्यक्ष, पक्षप्रमुख. ह्यांच्यातल्या प्रत्येकाकडे राज्य होतं, फौज होती, खजिना होता. एकट्या गांधींकडे ह्यातलं काहीही नव्हतं. ते काँग्रेसचे अध्यक्षसुद्धा एकदाच झाले, १९२४ च्या बेळगावच्या अधिवेशनात. राज्याचं पद त्यांनी आयुष्यभर घेतलं नाही. अशा माणसाला खेळाने सिंहासनावर बसवलं, हाताखाली सैन्य दिलं, कर बसवायला शहरं दिली आणि इसवी सनापूर्वी ४००० पासून कामाला लावलं. पुढे त्याच्याकडे अण्वस्त्रं आली ह्यात आश्चर्य ते काय? सिंहासनावर बसलेल्या प्रत्येकाकडे ती येणारच होती. चूक झाली ती सिंहासनावर बसवण्यात, बॉम्ब हा तिचा पुढचा हिशेब.

आणि हा भारत तरी कुठला? सुरुवातीच्या भागांत भारतीय शहरांची एक यादी आहे. नवं शहर वसवलं की यादीतलं पुढचं नाव आपोआप येतं. दिल्ली, मुंबई, मद्रास, कलकत्ता, मग लाहोर, कराची, मग चक्क कोल्हापूर, पुढे जयपूर, हैदराबाद, ढाका. बंगाल आणि पंजाब हेही त्यात ‘शहरं’ आहेत आणि गंगासुद्धा. कुणीतरी भारताचा फाळणीपूर्व नकाशा समोर ठेवून, डोळ्यांना दिसतील ती नावं उतरवली असावीत असं ती यादी वाचताना वाटतं. कोल्हापूरच्या एका विद्यार्थ्याला हे सांगितलं तर तो खूश झाला. मीही झालो. पण ज्यात नदीलाही शहर म्हणतात त्या यादीत आपलं नाव आलं ह्याचा आनंद किती वेळ टिकणार?

‘आक्रमकता’ ह्या एका शब्दाबद्दलही बोलायला हवं. गांधींना सर्वांत कमी आक्रमक ठरवताना खेळाने हिंसा आणि झुंज ह्या दोन गोष्टी एकाच आकड्यात कोंबल्या. ८ ऑगस्ट १९४२ ला मुंबईच्या गोवालिया टँक मैदानावर ‘करा किंवा मरा’ म्हणणारा माणूस नमतं घेणारा होता का? दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांना पकडून पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये ठेवलं. तिथे सहाच दिवसांत त्यांचे सचिव महादेवभाई देसाई गेले, फेब्रुवारी १९४४ मध्ये कस्तुरबा गेल्या, तरी माणूस मागे हटला नाही. त्यांचं आयुष्य म्हणजे शांतीचा पुतळा, हेही खरं नाही. बोअर युद्धात त्यांनी जखमींना उचलणारं पथक उभं केलं आणि १९१८ साली खेडा जिल्ह्यात ब्रिटिश सैन्यासाठी भरती करत गावोगाव फिरले. ह्यातलं काहीही एका आकड्यात मावत नाही. १ मध्ये नाही, २५५ मध्ये नाही आणि १२ मध्ये तर नाहीच.

अणुबॉम्बबद्दल ते स्वतः काय म्हणाले, हे ह्या प्रकरणावर लिहिणारे क्वचितच सांगतात. १९४६ च्या ‘हरिजन’मध्ये त्यांनी ह्या विषयावर लिहिलं. युगानुयुगं माणसाला तारून नेणारी जी कोमल भावना, तीच ह्या बॉम्बने बधिर करून टाकली, असा त्यांच्या लिहिण्याचा आशय होता. जानेवारी १९४८ च्या अखेरच्या दिवसांत अमेरिकन छायाचित्रकार मार्गारेट बर्क-व्हाइट यांनी त्यांना विचारलं की अणुबॉम्बला तुम्ही कसे सामोरे जाल? त्यांच्या उत्तराचा भावार्थ असा : मी तळघरात लपणार नाही, उघड्यावर येईन आणि वैमानिकाला दिसू देईन की माझ्या मनात त्याच्याबद्दल तिळमात्र वाईट नाही. हे उत्तर पटो न पटो, त्यात एक भूमिका आहे. ती खेळात उतरवणं अवघड आहे. धमकीचं वाक्य त्यांच्या तोंडी घालणं सोपं होतं.

भारताने पहिली अणुचाचणी केली ती १८ मे १९७४ ला पोखरणला, पंतप्रधान इंदिरा गांधी असताना. इंदिराबाईंचं आडनाव फिरोज गांधींकडून आलेलं, महात्माजींशी नातं नाही. योगायोग असा की ‘सिव्हिलायझेशन’च्या दुसऱ्या भागात प्रत्येक संस्कृतीला एक पुरुष आणि एक स्त्री नेता होती, आणि भारताची स्त्री नेता इंदिरा गांधी होती. म्हणजे अण्वस्त्रांशी ज्यांचा खरोखर संबंध होता त्या गांधीही खेळात होऊन गेल्या. त्यांच्यावरून ना कुणी विनोद केला, ना कुणी आख्यायिका रचली.

न्याय करायचा तर सहाव्या भागाचं एक श्रेय द्यायला हवं. तिथे गांधींच्या खास गुणाचं नाव ‘सत्याग्रह’ आहे. गांधींशी युद्ध पुकारणाऱ्याच्या स्वतःच्या प्रजेत युद्धाचा वीट जास्त वेगाने पसरतो. लढणाऱ्याचेच लोक त्याच्यावर नाराज व्हायला लागतात. ही कल्पना मला मनापासून आवडली. प्रतिपक्षाच्या मनावर काम करायचं, हे सत्याग्रहाचं मर्म कुणीतरी वाचून समजून घेतलेलं आहे. पण त्यालाही युद्ध आधी व्हावं लागतं, आणि गांधी पुन्हा एका राज्याचे प्रमुखच असतात. दांडीला ६ एप्रिल १९३० ला जे झालं त्यात दोन राज्यं नव्हतीच. एकच राज्य होतं, आणि त्याच्या प्रजेने त्याचा मिठाचा कायदा मानायचं नाकारलं.

असा आक्षेप घेणारे आपण एकटे नाही. सहाव्या भागात २०१८ साली क्री ह्या आदिवासी लोकांचा नेता म्हणून पाउंडमेकर आला. कॅनडातल्या पाउंडमेकर क्री नेशनचे एक प्रमुख मिल्टन टूटूसिस यांनी तेव्हा जाहीरपणे म्हटलं की आमच्या पूर्वजाला भूमी जिंकत सुटणारा नेता दाखवणं म्हणजे वसाहतवाल्यांची मूल्यं आमच्या माथी मारणं आहे. पाउंडमेकरला १८८५ साली राजद्रोहाच्या आरोपाखाली शिक्षा झाली होती आणि कॅनडा सरकारने त्याला दोषमुक्त केलं ते मे २०१९ मध्ये. म्हणजे खेळात तो साम्राज्य वाढवत होता तेव्हा त्याच्या देशाच्या कागदोपत्री तो अजून गुन्हेगारच होता. पाचव्या भागाच्या वेळी अमेरिकेतल्या प्वेब्लो आदिवासींनी हरकत घेतल्यावर त्यांचा नेता पोपे खेळातून वगळला गेला आणि त्यांच्या जागी शोशोनी ही दुसरी जमात आली. म्हणजे ऐकलं जातं. पण त्यासाठी काय चुकतंय ते नेमकं सांगणारं कुणीतरी लागतं. गांधींच्या बाबतीत आपण बॉम्बच्या विनोदावर हसलो किंवा चिडलो, आणि नेता म्हणजे राज्यकर्ता ह्या साच्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

फेब्रुवारी २०२५ मध्ये सातवा भाग आला आणि त्यात साचाच बदलला. नेता आणि संस्कृती ह्यांची गाठ सोडली आहे. प्राचीन काळात मौर्य, मग चोळ, मग मुघल अशा वेगवेगळ्या संस्कृती येतात, सहा हजार वर्षांचा एकच ‘भारत’ राहिलेला नाही. राज्यकर्ते नसलेले लोकही नेते म्हणून मोकळेपणी घेतले आहेत. गुलामांना सोडवणारी हॅरिएट टबमन आहे, प्रवासी इब्न बतूता आहे, बेंजामिन फ्रँकलिन आहे. अशोक दोन रूपांत आहे, एक जिंकणारा आणि एक जिंकून विरक्त झालेला. पद नसलेल्या माणसाला सहज जागा देणारा हा साचा, आणि नेमक्या ह्याच भागात, प्रकाशनाच्या वेळी, गांधी नव्हते. १९९१ पासून प्रत्येक मुख्य भागात असलेला माणूस, त्याला शोभेल अशी खुर्ची तयार झाली तेव्हाच गैरहजर. मला त्याचं मनापासून वाईट वाटतं.

आता वर्गात अंडरफ्लो आणि त्याच्या उलटा ओव्हरफ्लो (आकडा वरच्या टोकापलीकडे गेला की पुन्हा शून्यावर येणं) शिकवताना मी पॅकमॅनचं उदाहरण देतो. १९८० चा खेळ, पातळीचा आकडा ८ बिटांत, त्यामुळे २५६ व्या पातळीला अर्धा पडदा अक्षरांच्या कचऱ्याने भरून जातो. हे खरं आहे, हवं तर पडद्यावर दाखवता येतं. गांधींचं उदाहरण मी टाकलं नाही, वेगळ्या कामाला लावलं.

त्या मुलीच्या तुकडीला मी एक गृहपाठ दिला होता : गांधींना अशा खेळात बसवा, पण राज्य देऊ नका. आधी सगळ्यांना सेवाग्रामला नेलं. बापूकुटी पाहिली, मातीच्या भिंती, कौलारू छप्पर, चटई. साप धरायचा चिमटा आणि पिंजरा पाहिला. साप मारायचा नाही, धरून लांब सोडायचा. आणि टेलिफोन पाहिला. व्हाइसरॉय लिनलिथगो यांना गांधींशी थेट बोलता यावं म्हणून तो बसवला होता, असं तिथे सांगतात. मुलं त्या टेलिफोनसमोर बराच वेळ उभी होती. एकाने विचारलं, “सर, ह्यांच्याकडे सैन्य नव्हतं, खजिना नव्हता, मग व्हाइसरॉयला फोन बसवायची गरज का पडली?” मी म्हटलं, “हेच लिही की. हाच तुझा नियम.”

आठवड्याने वह्या आल्या. बहुतेकांनी नेत्याच्या माहितीचा ठरलेला तक्ता काढून त्यात फेरफार केले होते. प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलीने गांधींचा तक्ता काढलाच नव्हता. तिने ब्रिटिश राज्याचा तक्ता काढला होता : सैन्य, शहरं, मिठाचा महसूल, तुरुंगांची क्षमता. आणि प्रत्येक फेरीला त्यातला कुठला आकडा किती उतरतो, तेवढंच पुढे लिहिलं होतं.